कॅनडाची फुटबॉल कार्डं अमेरिकेच्या मापाने मोजू नका

कॅनडाची जुनी फुटबॉल कार्डं म्हणजे अमेरिकी कार्डांची नक्कल, असं सर्रास बोललं जातं. टॉप्स या अमेरिकी कंपनीने 1958 ते 1965 या काळात ती काढली, त्यामुळे या समजाला बळ मिळालं. पण टोरंटोच्या पार्कहर्स्टने 1952 मध्येच 100 कार्डांचा संच बाजारात आणला होता. शिवाय खेळही वेगळा. त्या काळी कॅनडात संघात 12 खेळाडू, मैदान 110 यार्डांचं आणि दहा यार्ड पुढे सरकायला तीनच संधी. अमेरिकेत 11 खेळाडू, 100 यार्ड आणि चार संधी.

पार्कहर्स्टच्या त्या संचात टोरंटो, मॉन्ट्रियल, ऑटावा आणि हॅमिल्टन हे पूर्वेकडचेच संघ आहेत. त्याला सीएफएलचा, म्हणजे कॅनेडियन फुटबॉल लीगचा, पहिला संच म्हणून विकलं जातं, तेही चूक. सीएफएल 1958 मध्ये स्थापन झाली. त्याआधी पूर्व आणि पश्चिमेच्या संघटना वेगळ्या होत्या.

सर्वांत पक्का गैरसमज नवोदित कार्डाबद्दलचा आहे. जो थाइसमनचं पहिलं कार्ड 1975 चं टॉप्सचं, असं अमेरिकी याद्या सांगतात. हा क्वार्टरबॅक 1971 ते 1973 टोरंटो आर्गोनॉट्सकडून खेळला आणि ओंटारिओतल्या लंडनच्या ओ-पी-चीच्या 1972 च्या संचात त्याचं कार्ड आहे. मागे मजकूर इंग्रजी आणि फ्रेंच, दोन्ही भाषांत. मला मात्र रस जॅक्सनचं कार्ड अधिक मोलाचं वाटतं. हॅमिल्टनमध्ये जन्मलेला हा क्वार्टरबॅक 1958 ते 1969 ऑटावाकडून खेळला, ग्रे कप हे लीगचं विजेतेपद तीनदा जिंकला, तीनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. अमेरिकेत तो कधी खेळलाच नाही, म्हणून तिथल्या याद्यांत त्याला जागा नाही. कॅनडाचा खेळ जमवायचा असेल, तर सुरुवात त्याच्यापासून करावी.

कमी छापलं म्हणजे महाग, हाही भ्रम. ही कार्डं अमेरिकेपेक्षा कमी छापली गेली, पण घेणारेही थोडेच. भाव मागणीवर ठरतो. त्यामुळे कॅनडातल्या मोठ्या खेळाडूंची साठच्या दशकातली कार्डं आजही सामान्य संग्राहकाच्या आवाक्यात आहेत.

आणि हाताने कापलेलं कार्ड बाद? मुळीच नाही. 1962 आणि 1963 मध्ये पोस्ट सिरियलच्या खोक्यांवर कार्डं छापलेली असत. मुलं ती कात्रीने कापून घेत. पाठ कोरी, कच्च्या पुठ्ठ्याची; एखादी कडा तिरकी, एखादीला शेजारच्या कार्डाची पट्टी चिकटलेली. अशा कार्डात एकच पाहायचं: छापील चौकट चारही बाजूंनी शाबूत आहे का. कात्री चौकटीच्या आत गेली की किंमत पडते. म्हणून कडा सरळ दिसावी यासाठी आज पुन्हा कात्री लावू नका. चिकटलेली जास्तीची पट्टी तशीच राहू द्या.