फियाट की अ‍ॅम्बेसेडर?

सिद्धिविनायकाचं दर्शन घेऊन प्रभादेवीत टॅक्सीला हात करा. थांबेल ती वॅगन आर, नाहीतर सँट्रो. रंग तोच काळा-पिवळा, गाडी मात्र वेगळी. मुंबईत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी आपल्या प्रभादेवीचीच होती. ताडदेव आरटीओत तिची नोंद झाली २९ ऑक्टोबर २००३ ला. टॅक्सीसाठी वयोमर्यादा वीस वर्षांची, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली.

आता घरी आजोबांना एकच प्रश्न टाका, 'फियाट भारी की अ‍ॅम्बेसेडर?' वाद रंगणार, हे नक्की. त्याआधी थोडा होमवर्क करू या.

दोघींचं माहेर परदेशातलं. अ‍ॅम्बेसेडर ही मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. हिंदुस्तान मोटर्स ती कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला बनवायची. पद्मिनी ही इटलीची फियाट ११०० डी. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये सुरू केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती १९६४ पासून तयार होऊ लागली. 'पद्मिनी' हे नाव आलं ते १९७४ मध्ये, पण लोक शेवटपर्यंत 'फियाट'च म्हणत राहिले.

आता मुकाबला. अ‍ॅम्बेसेडरचं पेट्रोल इंजिन १४८९ सीसीचं, फियाटचं १०८९. अ‍ॅम्बेसेडर साधारण ४० सेंटीमीटरनं लांब. मागे तिघं ऐसपैस बसणार, खड्ड्यांचंही फारसं टेन्शन नाही. म्हणूनच ती मंत्री आणि साहेबांची गाडी झाली. फियाट आटोपशीर आणि हलकी, लालबाग-गिरगावच्या गल्लीत पटकन वळणारी. दोघींचाही गिअर स्टिअरिंगला, त्यामुळे पुढची सीट सलग.

मग मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी फियाट का उचलली? कारखाना हाकेच्या अंतरावर, पार्ट सहज मिळणारे आणि गल्लोगल्ली तिची नस ओळखणारे मिस्त्री. बंद पडली तरी रस्त्याच्या कडेला पाना-पक्कड घेऊन काम व्हायचं. कोलकात्यात हेच गणित अ‍ॅम्बेसेडरच्या बाजूनं सुटलं.

अर्थात, सगळंच गोड नव्हतं. गाडी बुक केली की वर्षानुवर्षं वाट बघायची. पर्यायच कमी, मग कंपन्या गाडीत बदल तरी कशाला करतील? १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि दोघींचं आसन डळमळलं. पद्मिनीचं उत्पादन २००० च्या सुमारास थांबलं, अ‍ॅम्बेसेडरचं २०१४ मध्ये.

एक तरी पद्मिनी जपून ठेवा, अशी मागणी टॅक्सी संघटनेनं केली होती. गाडी ठेवणं आपल्या हातात नाही. पण ती चालवणारे काका आणि कार्बोरेटर साफ करणारे मिस्त्री अजून तुमच्याच गल्लीत असतील. या रविवारी त्यांच्याकडे जा, फोनचा रेकॉर्डर ऑन करा आणि आजोबांना विचारलेला प्रश्न त्यांनाही विचारा.