निवास आणि न्याहारी : जुन्या घरातील पाहुण्याच्या दालनाची मांडणी

जुनी घरे व वाडे पाहुण्यांच्या मुक्कामासाठी खुले करण्याच्या व्यवहारास महाराष्ट्रात ‘निवास व न्याहारी’ हे नाव शासकीय योजनेतून मिळाले व ते रूढही झाले. या जोडनावातील पहिला शब्द संस्कृत ‘वस्’ धातूपासून आलेला, तर दुसऱ्याचे नाते ‘उपाशी’ या अर्थाच्या फारसी ‘नहार’ शब्दाशी जोडले जाते. एका साध्या व्यवहाराच्या नावात दोन भाषापरंपरा अशा शेजारी नांदतात. घरातील वस्तूंच्या नावांतही हाच प्रकार आढळतो. आणि जुन्या वास्तूत पाहुण्याचे दालन कसे मांडावे, या वरवर केवळ गृहसजावटीच्या वाटणाऱ्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर त्या नावांत दडलेले आहे. प्रस्तुत लेखात त्याचाच थोडक्यात विचार करावयाचा आहे.

या प्रश्नाचे एक फार जुने उत्तर कर्जत तालुक्यात राजमाचीच्या पायथ्याशी कोंडाणे येथे खडकात कोरलेले आहे. इ. स. पूर्व पहिल्या शतकातील मानल्या जाणाऱ्या या लेण्यांतील विहाराचा मंडप सुमारे २३ फूट रुंद व २९ फूट खोल असून त्याच्या तीन बाजूंस प्रत्येकी सहा, अशा अठरा खोल्या आहेत. प्रत्येक खोलीत भिक्षूसाठी दगडी शय्या आहे; दोन्ही बाजूंच्या पहिल्या खोल्यांत मात्र दोन-दोन शय्या आहेत. छतास लाकडी तुळयांचा आकार दिलेला आहे. म्हणजे कारागिरांपुढे लाकडी घराचा नमुना होता. पण पाहुण्याची शय्या त्यांनी घराच्याच अंगाचा भाग केली. चैत्याच्या दर्शनी भागावरील ब्राह्मी लेखात कण्हाचा शिष्य बालक याचा कर्ता म्हणून उल्लेख आहे, आणि शिष्य या अर्थी तेथे ‘अंतेवासी’, म्हणजे जवळ वास करणारा, हा शब्द योजलेला आहे. निवास, वर्षावास, अंतेवासी ही सारी एकाच धातूची संतती होय.

अशा खोलीस तत्कालीन प्राकृतात काय म्हणत, हे नाशिकच्या लेखांवरून कळते. तेथील दहाव्या लेण्यात नहपानाची कन्या दक्षमित्रा हिने ‘ओवरक’ दान दिल्याची नोंद आहे. संस्कृत ‘अपवरक’, म्हणजे आतली खोली, याचे हे प्राकृत रूप. आणि देवळाच्या आवारात वाटसरू ज्या खोल्यांत उतरतात, त्यांस आपण आजही ‘ओवरी’ म्हणतो. खुद्द ‘लेणे’ हा शब्दही ‘लयन’, म्हणजे विसाव्याची जागा, यावरून आलेला आहे.

त्याच लेण्यात दक्षमित्रेचा पती उषवदात याचा प्रसिद्ध लेख आहे. त्याने ३,००० कार्षापणांचा अक्षय निधी विणकरांच्या श्रेणींकडे ठेवला. त्यांपैकी २,००० कार्षापणांवर दरमहा शेकडा एक या दराने वर्षास २४० कार्षापण व्याज येते. आणि वर्षावासातील वीस भिक्षूंस प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी द्यावेत, असे लेखात सांगितले आहे. हिशेब तंतोतंत जुळतो. खोली एकदाच कोरावयाची असते; कापड मात्र दरवर्षी नवे लागते. पाहुण्याच्या सोयीचे हे दोन भाग, एक वास्तूचा व एक वार्षिक खर्चाचा, दात्याने स्पष्टपणे वेगळे ओळखले होते.

आता लेण्यांकडून पेशवाईत व त्यानंतर बांधल्या गेलेल्या घरांकडे वळू. तेथील वस्तुनामांचे स्थूलमानाने तीन थर पडतात. भिंतीशी वा जमिनीशी एकजीव असलेल्या सोयींची नावे बहुधा देशी घडणीची आहेत : कोनाडा, फडताळ, खुंटी, ओटा. अंथरण्या-टेकण्याच्या मऊ वस्तूंत फारसीच्या वाटेने आलेल्या नावांची गर्दी आहे : जाजम, सतरंजी, गालिचा, तक्क्या, पडदा. जमिनीवर आपल्या पायांवर उभ्या राहणाऱ्या उंच वस्तूंची नावे पुष्कळदा परकी आहेत : ‘खुर्ची’ अरबीतून, ‘मेज’ फारसीतून, ‘टेबल’ इंग्रजीतून. हा नियम निरपवाद नाही. ‘खाट’ व ‘पलंग’ हे शब्द अनुक्रमे ‘खट्वा’ व ‘पर्यंक’ यांवरून आलेले आहेत. तथापि सर्वांत बोलके उदाहरण ‘कपाट’ या शब्दाचे आहे. संस्कृतात त्याचा अर्थ दाराची फळी. दार असलेले भिंतीतील फडताळ, व पुढे भिंतीपासून सुटून उभी राहिलेली लोखंडी वस्तू, असे त्याचे अर्थांतर झालेले दिसते.

या थरांवरून एक गोष्ट लक्षात येते. जुने घर रिकामे नसते. त्याची बरीचशी मांडणी भिंतीतच झालेली असते, आणि ती जमिनीवर बसणाऱ्या माणसाच्या नजरेने झालेली असते. म्हणून खिडकीचा उंबरा खाली असतो, आणि दिव्याचा कोनाडाही हाताशी असतो. त्या खोलीत उंच पलंग व खुर्च्या आणल्या की बसणाऱ्याची नजर वर जाते. खिडकी गुडघ्याशी येते, कोनाडा निरुपयोगी वाटू लागतो, आणि लवकरच तो बुजविला जातो. कर्जत-खालापूरच्या पावसात त्याचे परिणाम अधिकच जाणवतात. मातीच्या वा चुन्यातील भिंतीवर तैलरंग अथवा सिमेंटचा गिलावा दिला की ओल आत कोंडते, आणि भिंतीस चिकटून ठेवलेल्या बंद कपाटात बुरशी धरते.

यावरून मांडणीचा क्रम ठरविता येतो. प्रथम भिंतीने दिलेल्या सोयी मोजाव्यात व दुरुस्त कराव्यात. फडताळास दार, खुंटीस जागा, कोनाड्यात दिवा. नंतर बैठे पलंग, गादी, लोड, सतरंजी यांची योजना करावी, व त्यांच्या धुण्या-बदलण्याचा खर्च दरवर्षीचा म्हणून धरावा. उंच सामान शेवटी आणि मोजके असावे. वृद्ध पाहुण्यास खुर्ची हवीच. न्हाणीघर पूर्वी बहुधा परसाकडे असे. ते आता दालनास जोडावे लागते, परंतु त्यासाठी माजघराची भिंत फोडण्याऐवजी पडवीचा एक भाग घेणे श्रेयस्कर. परका पाहुणा ओटीवर वा पडवीत उतरे, माजघर घरच्यांचे असे. ही मर्यादा राखल्यास पाहुणा व यजमान दोघांचीही सोय होते.

पाडलेल्या वाड्यांतून आणलेला झोपाळा वा कोरीव दरवाजा मांडून प्राचीनता निर्माण करण्याची पद्धत आज बरीच दिसते. त्याने दालन शोभिवंत होईलही. परंतु त्याच खोलीतील बुजविलेल्या फडताळाबरोबर एक सोय जाते, आणि ती वापरणारे कोणी उरले नाही म्हणजे तिचे नावही काही वर्षांत बोलण्यातून जाते. ‘ओवरी’ हा शब्द सुमारे दोन हजार वर्षे टिकला, कारण ओवरीत माणसे उतरत राहिली. ‘फडताळ’ व ‘कोनाडा’ यांचे पुढे काय होणार, हे कोशकारांपेक्षा घरमालकांच्या हाती अधिक आहे. या घरांच्या दुरुस्त्या सुरू असतानाच त्यांतील वस्तुनामांची गावोगाव नोंद करणे, हे आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हाती घेण्याजोगे काम होय.