अमरावती ते धारणी, दिवसाला दीडशे मीटर

अमरावतीहून परतवाडा, घटांग, सेमाडोह, हरिसाल करत धारणी गाठायला साधारण 150 किलोमीटर पडतात. या रस्त्याच्या कडेने अमरावतीपासून थेट धारणीपर्यंत दीड मीटर रुंदीची एकच पायवाट गेली आहे असं समजा. कुठे फाटा नाही, कुठे खंड नाही. मानेतल्या मज्जारज्जूपासून बोटाच्या टोकापर्यंत गेलेला एकेक मज्जातंतू याच प्रमाणात लांब आणि याच प्रमाणात बारीक असतो. जाडी मिलिमीटरचा शंभरावा भाग, लांबी जेमतेम मीटरभर. जाडीच्या लाखपट लांबी!

आणि ही अख्खी वाट म्हणजे एकाच पेशीचा लांबलेला हात. पेशीचं मूळ शरीर मानेत, म्हणजे आपल्या नकाशावर अमरावतीत. मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही लहान असलेलं ते शरीर इथे फार तर 15 मीटरचं घर होईल. धारणीपर्यंतच्या वाटेची सगळी डागडुजी त्या घरातून चालते. खऱ्या तंतूत निरोप सेकंदाला 50 मीटरच्या वेगाने धावतो, तेव्हा हुकूम मानेतून बोटापर्यंत पोचायला सेकंदाचा पन्नासावा भाग पुरतो. आगीसारखी जळजळ वाहणारे बारीक तंतू मात्र सेकंदाला मीटरभरच चालतात. ठेच लागल्यावर चटका आधी आणि ठणका मागून येतो, तो यामुळे.

आता वाट तोडू. कुऱ्हाड निसटली, कडबा कापताना विळा मनगटात घुसला किंवा हात काचेवर पडला, की मनगटातली मिडियन नर्व्ह ही नस कापली जाऊ शकते. नकाशावर हे ठिकाण हरिसालच्या आसपास येतं. तिथे एक नाही, अशा हजारो पायवाटा शेजारी शेजारी चालल्यात. नस तीन-चार मिलिमीटर जाड, म्हणजे त्यांचा पट्टा 500 मीटर रुंद. तुटल्यावर पुढचा धारणीकडचा तुकडा काही दिवसांत मरून विरघळतो. हे शास्त्रज्ञ ऑगस्टस वॉलर यांनी बेडकाच्या जिभेच्या नसेत 1850 मध्ये पाहिलं. मागचं टोक जगतं आणि पुन्हा वाढू लागतं. वेग दिवसाला एक मिलिमीटर, आपल्या नकाशावर 150 मीटर. हरिसालहून धारणीला जायला सहा महिने.

घाई करता येत नाही, कारण वाढीचा माल मानेतूनच यायचा असतो. तंतूच्या आत पुड्या वाहून नेणारी जलद वाहतूक दिवसाला 400 मिलिमीटर चालते, नकाशावर 60 किलोमीटर. पण तंतूच्या सांगाड्याचा माल दिवसाला एखाद-दोन मिलिमीटरच सरकतो. तुटलेल्या नसेची टोकं जोडायला आज वापरतात त्या कोणत्याही नळीने हा वेग ओलांडलेला नाही.

मग टोकं जोडायची कशी? मायक्रोस्कोपखाली वापरतात तो 10-0 नंबरचा धागा 20 ते 29 मायक्रॉन जाड असतो. नकाशावर तो तीन ते सव्वाचार मीटर रुंद. दीड मीटरची वाट त्याने कशी शिवणार? म्हणून सर्जन वाटा शिवतच नाही. टाके नसेच्या बाहेरच्या आवरणाला घालतो आणि आतल्या हजारो वाटांनी आपापला मार्ग शोधावा अशी आशा करतो. सुईने तंतू जोडले, असं कुणी सांगितलं तर ऐकून सोडून द्यावं.

तुकडाच निघून गेला असेल तर? जुना उपाय म्हणजे पोटरीमागची सुरल नर्व्ह काढून मध्ये लावणं. पाऊल बाहेरच्या कडेने बधिर होतं, पण हात सुधारू शकतो. आजही हाच उपाय सगळ्यात भरवशाचा. त्याला पर्याय म्हणून नळी आली. अमेरिकेच्या एफडीएने पॉलिग्लायकोलिक ॲसिडच्या नळीला 1999 मध्ये परवानगी दिली. विरघळणारे टाके याच पदार्थाचे असतात. पाठोपाठ कोलॅजनच्या नळ्या आल्या, नंतर कोळंबी-खेकड्याच्या कवचातल्या कायटोसानच्या.

नळीचीही हद्द आहे. उंदराच्या पायात 10 मिलिमीटरचं अंतर सिलिकॉनची रिकामी नळी भरून काढते, 15 मिलिमीटरला हरते. नकाशावर दीड किलोमीटर जमतं, सव्वादोन जमत नाही. माणसात साधारण तीन सेंटिमीटरच्या, म्हणजे साडेचार किलोमीटरच्या पलीकडे रिकाम्या नळीवर फारसा भरवसा ठेवत नाहीत. पहिल्या आठवड्यात आत रक्तद्रवातला फायब्रिनचा दोर तयार होतो, मग त्यावर मज्जातंतूंना वेढणाऱ्या श्वॉन पेशी चढतात, मग तंतू. अंतर वाढलं की दोर तुटतो. म्हणून आता नळीत मायक्रॉनभर जाडीच्या धाग्यांची समांतर रांग घालून पाहतात, दोराचं काम आधीच करून ठेवायला. इथे शास्त्राची खरी करामत दिसते.

काम कुठवर आलं हे बाहेरूनही कळतं. त्वचेवरून नसेवर टिचकी मारत गेलं की जिथे मुंग्या येतात तिथे वाढतं टोक पोचलेलं असतं. ही खूण 1915 मध्ये फ्रान्सचे तिनेल आणि जर्मनीचे हॉफमन यांनी वेगवेगळी मांडली, तीही दोन्ही देश एकमेकांशी लढत असताना.

आता सगळ्यात कठोर आकडा. हुकूम न मिळालेला स्नायू वर्ष-दीड वर्षात कायमचा निकामी होतो. मोटरसायकलवरून पडून खांद्याजवळच्या नसा तुटल्या, म्हणजे नकाशावर वलगावच्या आसपास, तर धारणीला पोचायला 900 हून जास्त दिवस. दीड वर्षात वाढ 82 किलोमीटर, घटांगच्या पुढे आणि सेमाडोहच्या अलीकडे. दुरुस्ती उत्तम झाली तरी कोपर वाकू लागतं, बोटं बहुधा नाहीत. म्हणून हल्ली सर्जन जवळची चालू नस वळवून थेट स्नायूला जोडतात.

तपोवन या कुष्ठरुग्णांच्या संस्थेतल्या माणसांना नसेचं दुखणं नवं नाही. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी अमरावतीजवळ 1946 मध्ये ते उभारलं. कुष्ठरोगाचा जंतू श्वॉन पेशींत घर करतो आणि एकाचे दोन व्हायला 12 ते 14 दिवस घेतो. त्यात नस कापली जात नाही, लांबवर कुरतडली जाते. तिथे नळी कामाची नाही. वेळेवर गोळ्या हव्यात.

धारणीत उपजिल्हा रुग्णालय आहे, जवळच उतावलीला 'महान' संस्थेचा दवाखाना आहे, तिथे प्लास्टिक सर्जरीची शिबिरंही होतात. पण शिबिर तारखेने येतं, कुऱ्हाड तारीख बघत नाही. नळीवर कोट्यवधी खर्च होवोत. वाया गेलेला महिना ती परत देत नाही, आणि महिना म्हणजे साडेचार किलोमीटर. म्हणून मनगटावर किंवा तळहातावर खोल जखम झाली की वरवर टाके पडण्याआधी डॉक्टरांना तपासायला सांगा: बोटांच्या टोकांना स्पर्श कळतो का, अंगठा तळहातासमोर उचलला जातो का. एक जरी उत्तर 'नाही' आलं, तर नसेच्या सर्जनकडे कधी आणि कुठे जायचं ते त्याच दिवशी लिहून घ्या.