राउटर बदलावा केव्हा?

गेल्या पावसाळ्यात बुऱ्हाणपुरातील एका घरी आम्ही गेलो असता तेथे लहानसा वाद चालला होता. आखाती देशात नोकरीस असलेल्या थोरल्या मुलाशी आईचे रोज रात्री व्हिडिओवर बोलणे होई. परंतु अलीकडे मुलाचा चेहरा मध्येच थिजे आणि आवाज तुटे. धाकटा म्हणे, “राउटर जुना झाला, नवा आणू या.” वडील म्हणत, “चालतो आहे तोवर चालू द्या.” यंत्रमागावर राबून मिळविलेल्या पैशांतून दोन-तीन हजार रुपये काढावयाचे, ही काही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हे. आमचे मत विचारले गेले. आम्ही म्हटले, “दोघांचेही म्हणणे अर्धे खरे आहे.”

वाचकहो, बुऱ्हाणपूरकरांना हा प्रश्न समजावयास कठीण जाऊ नये. सन 1615 च्या सुमारास अब्दुल रहीम खानखानाच्या काळी उभारलेला कुंडी भंडारा आपल्या शहराजवळच आहे. सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी भूमिगत मार्गाने, केवळ उताराच्या बळावर शहराकडे आणण्याची ही योजना. घरात पाणी कमी आले, तर शहाणा मनुष्य प्रथम विचारील : झरा आटला, मार्ग तुंबला, की आपला घडाच गळका? न विचारता नवा घडा घेणारा पुन्हा तहानलेलाच राहील.

वायफायचेही तसेच आहे. राउटरला तारेने संगणक जोडून वेग मोजावा. तेथेही तो कमी भरला, तर दोष बहुधा बाहेरून येणाऱ्या जोडणीत असतो. कंपनीकडे तक्रार करावी. तारेने वेग पुरा मिळतो, पण राउटरच्या शेजारी बसूनही फोनवर मिळत नाही, तर राउटर किंवा फोन यांपैकी एक जुना झाला असे समजावे. दुसरा फोन लावून पाहिल्यास उलगडा होतो. जवळ उत्तम आणि आतल्या खोलीत क्षीण, असे असल्यास दोष जागेचा व भिंतींचा. ही परीक्षा न करण्याची चूक आम्ही स्वतः केली आहे. आमच्या निवासात घाईने नवा राउटर आणला आणि खोळंबा जसाच्या तसा राहिला. पुढे कळले की छपराखालची तार उंदरांनी कुरतडली होती!

आपल्याकडील जुन्या घरांच्या भिंती जाड असतात. 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरी त्यांतून अधिक दूर जातात, पण त्यांचा वेग कमी आणि शेजाऱ्यांच्या राउटरांची तेथे गर्दी. 5 गिगाहर्ट्झच्या लहरी वेगवान, पण भिंतीपुढे लवकर थकतात. म्हणून राउटर घराच्या मध्यभागी, उंचावर, मोकळा ठेवावा. लोखंडी कपाटामागे कदापि नको.

मग बदलावा केव्हा? पहिले आणि सर्वांत वजनदार कारण सुरक्षिततेचे. उत्पादकाने त्या राउटरसाठी सुरक्षेच्या सुधारणा देणे थांबविले असेल, तर तो वरवर धडधाकट दिसला तरी दाराचे कुलूप निकामी झाल्यासारखेच आहे. जुन्या डब्ल्यूईपी पद्धतीचे दुबळेपण 2001 मध्येच उघड झाले. निदान 2004 ची डब्ल्यूपीए-2 तरी हवी, 2018 ची डब्ल्यूपीए-3 असल्यास उत्तम. दुसरे कारण, आपण 200 मेगाबिटचे पैसे भरतो आणि राउटरचे तोंड मात्र 100 मेगाबिटचे, हे. तिसरे, अ‍ॅडॅप्टर बदलूनही तो वरचेवर बंद पडतो, हे. चौथे, घरातील उपकरणांची वाढलेली संख्या. 2019 पासून प्रमाणित होऊ लागलेली वायफाय 6 ही पिढी अनेक उपकरणे एकाच वेळी सांभाळण्यात अधिक समर्थ आहे. 2024 पासून वायफाय 7 आले आहे खरे. परंतु घरातील फोनच त्या पिढीचे नसतील, तर तो खर्च बराचसा वायाच. आणि राउटर कंपनीनेच दिलेला असेल, तर बाजारात जाण्यापूर्वी बदलून मिळतो का, हे विचारावे.

त्या घरी राउटर कपाटामागून काढून मधल्या खोलीतील उंच फळीवर ठेवला. त्या रात्री मुलाचा चेहरा थिजला नाही. आईने पोटभर बोलून घेतले. वडिलांनी विजयी मुद्रेने धाकट्याकडे पाहिले. पण धाकट्याने उत्पादकाच्या संकेतस्थळावर शोधून दाखविले की, त्या राउटरच्या सुरक्षा-सुधारणा केव्हाच थांबल्या होत्या. आणि त्याच फोनवरून घराचे बँकेचे व्यवहार चालत. वडील क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, “पुढच्या पगाराला आणू.”

नवा आणल्यावर जुन्यातील पासवर्ड व नोंदी पुसून तो ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावा, एवढेच आम्ही सुचविले. जुने म्हणून टाकू नये, आणि चालते म्हणून विसंबू नये. आधी तपासावे, मगच खिशात हात घालावा.