बोजारा मागायला आलेली पोरं

सजूनधजून आलेलं एक लहान मूल संध्याकाळी दारात उभं राहतं. ते ओळखीचं असेलच असं नाही. ते हात पुढे करतं आणि घरातलं मोठं माणूस काही न विचारता त्या हातावर काहीतरी ठेवतं. अमेरिकेत ३१ ऑक्टोबरला गल्लोगल्ली हे दिसतं, आणि त्याला हॅलोवीन म्हणतात हे आता आपल्याकडच्या पहिलीतल्या पोरालाही ठाऊक असतं. वर्धा जिल्ह्यात हेच दृश्य भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दिसतं. इथल्या मुलाच्या हातात भोपळा नसतो, दोरी असते. दोरीच्या दुसऱ्या टोकाला चाकांवरचा लाकडी नंदी असतो. हा तान्हा पोळा. विदर्भाबाहेरच्या कितीतरी मराठी घरांत त्याचं नावही पोचलेलं नाही, याचं मला फार नवल वाटतं. खास लहान मुलांसाठी राखलेला इतका देखणा सण आपल्या पंचांगात दुसरा मला तरी माहीत नाही.

हा नंदी जवळून पाहावा. सुतारानं सागाच्या ओंडक्यातून कोरलेला असतो. वशिंड उंच, मान ताठ, पाय मात्र आखूड, कारण ते पाटावर बसवायचे असतात आणि पाटाला चार चाकं असतात. शिंगांना रंग, कपाळावर बाशिंग, गळ्यात घुंगरमाळ. पाठीवरची झूल बहुतेक घरांत आईच्या किंवा आजीच्या जुन्या साडीच्या काठाची असते. वर्षभर तो माळ्यावर पडून राहतो. श्रावण संपत आला की खाली उतरतो, ओल्या फडक्यानं पुसला जातो, एखाद्या वर्षी त्याला नवा रंगही लागतो. आजोबांनी ओढलेला नंदी नातू ओढतो, ही इथल्या घरांतली साधी गोष्ट आहे. चाकं बदलतात, बैल तोच राहतो.

हे मूल असं दारात का येतं, ते समजायला दोन दिवस मागं जावं लागतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांद शेकतात. पेरणीपासून डवरणीपर्यंत जू वाहून त्याचा खांदा सुजलेला, सोललेला असतो. तो कोमट पाण्यानं शेकायचा, हळद-तूप चोळायचं, आणि त्याच्याकडे बघून म्हणायचं, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.’ घरच्या गोठ्यातल्या जनावराला घरच्याच जेवणाचं रीतसर निमंत्रण! आणि तेही एक दिवस आधी, पाहुण्याला देतात तसं. वर्षभर ज्याच्या पाठीवर चाबूक फिरला त्याला आज ‘या’ म्हणायचं. मला या सगळ्या सणातली सर्वांत मोठी गोष्ट हीच वाटते.

दुसऱ्या दिवशी श्रावणी अमावास्या. बैल धुऊन, सजवून गावाच्या मोकळ्या जागेत आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली रांगेनं उभे करतात. वर्धा, आर्वी, कारंजा, आष्टी हा पट्टा गवळाऊ जातीचा. पांढऱ्या-करड्या रंगाची, सडपातळ, चालीला चपळ अशी ही जनावरं. एकेकाळी मराठी फौजांचं सामान वाहून नेण्यासाठी नावाजलेली. त्यांच्या रांगेसमोर शेतकरी झडत्या म्हणतात. झडती म्हणजे मोठ्यानं म्हटलेलं यमकाचं कवन. एक जण सुरू करतो, बाकीचे शेवटी महादेवाचा गजर करतात, मग पलीकडच्या रांगेतून उत्तर येतं. पिकाचा भाव, सावकार, पुढारी, शेजारचं गाव, कोणीही त्यातून सुटत नाही. मग तोरण तुटतं, ‘पोळा फुटला’ अशी आरोळी उठते आणि बैल आपापल्या घरी व शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या दारी निघतात. प्रत्येक दारात घरची बाई बैलाच्या पायावर पाणी घालते, कुंकू लावते, पुरणपोळीचा घास देते. बैल घेऊन आलेल्याच्या हातावर पैसे ठेवते. तो बोजारा.

हीच अमावास्या पिठोरीची. पोराबाळांच्या आयुष्यासाठी आई व्रत करते, चौसष्ट योगिनींची पूजा मांडते. शेवटी नैवेद्य डोक्यावर धरून, मागं न बघता विचारते, ‘अतिथी कोण?’ पाठीमागून मूल म्हणतं, ‘मी.’ नैवेद्य त्याच्या हाती जातो. स्वतःच्या पोटच्या पोराला घरात अतिथी म्हणून उभं करायचं आणि त्याच्या तोंडून ते वदवून घ्यायचं! बाहेर दारात बैल पाहुणा, आत देवापुढे मूल पाहुणं, आणि दोन्ही एकाच तिथीला. हे कुणी ठरवून जुळवलं नसेल, पण वर्षानुवर्षं एकाच दिवशी घडत आलं आहे खरं.

यानंतरची पहाट मात्र पाहुण्यांची नसते.

पोळ्याच्या दिवशी दाराच्या दोन्ही बाजूंना पळसाच्या फांद्यांचे मेढे ठेवतात. दुसऱ्या दिवशी झुंजुमुंजू झालं की ते उचलायचे, घरभरच्या रोगराईला, खोकल्याला, डास-माश्यांना हाका मारत गावाच्या शिवेबाहेर नेऊन टाकायचे. ‘घेऊन जा गे मारबत’ ही आरोळी तेव्हा गल्लीगल्लीतून येते, आणि त्यात पोरांचे आवाज सर्वांत मोठे असतात. ही वेळ पाहा. दोन-अडीच महिने पाऊस पडून गेलेला, डबकी साचलेली, घराघरात ताप आणि सर्दी. भीती कशाची आहे ते या आरोळीत अगदी नावानिशी सांगितलेलं असतं. इथून पाऊणशे किलोमीटरवरच्या नागपुरात याच सकाळी मारबतीची, म्हणजे रोगराई सोबत घेऊन जाणाऱ्या पुतळ्याची, प्रचंड मिरवणूक निघते. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून काढली जाते, त्यांच्यासोबत बडगे असतात, म्हणजे त्या वर्षी लोकांना ज्याचा जाच झाला त्याचे पुतळे. वर्ध्याच्या खेड्यांत एवढा थाट नसतो. पण पाच-सहा वर्षांचं पोर अंधारात उठून, घरातल्या आजाराला शिवेपार घालवून परत येतं, तेव्हा त्याची छाती किती फुगलेली असते ते एकदा बघण्यासारखं आहे.

आणि मग संध्याकाळी तान्हा पोळा.

मोठ्यांच्या पोळ्यात जे झालं ते सगळं पुन्हा होतं, फक्त लहान मापात. पोरं नंदी घेऊन देवळापुढे किंवा चौकात जमतात. कोणी धोतर-फेट्यात शेतकरी झालेलं असतं, कोणी नऊवारीत, कोणी शिवाजी, कोणी सैनिक. वेशभूषेची बक्षिसंही असतात. तोरण बांधतात. पोरं आजोबांनी शिकवलेल्या झडत्या चिरक्या आवाजात म्हणतात. पोळा फुटतो आणि चाकांचा खडखडाट गल्लीबोळांतून घरोघर पसरतो. प्रत्येक दारात लाकडी नंदीच्या पायावरही पाणी घातलं जातं, त्यालाही कुंकू लागतं, आणि पोराच्या हातावर बोजारा पडतो. नाणी, दहाची नोट, चॉकलेट, कुठे वही-पेन्सिल. नागपूरकर या रिवाजाचं श्रेय दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांना देतात. मुलांना बैलाचं मोल कळावं म्हणून १८०६ मध्ये त्यांनी लाकडी बैलांचा पोळा सुरू केला, अशी तिथली आठवण आहे.

वर्धा जिल्ह्यात तान्हा पोळा म्हटलं की सिंदी रेल्वेचं नाव घ्यावंच लागतं. नागपूर-वर्धा लोहमार्गावरचं, सेलू तालुक्यातलं हे गाव. इथं शंभराहून अधिक वर्षं हा सण गावजत्रेसारखा साजरा होतो. घराण्या-घराण्यांनी जपलेले नंदी इतके मोठे आहेत की लहान पोरानं ओढायचं म्हटलं तर हलायचेही नाहीत. मोठी माणसं दोर धरतात आणि मुलं सोबत चालतात. मुलांच्या सणासाठी आख्खं गाव असं राबताना पाहिलं की वाटतं, आपण मुलांना इतर दिवशी किती थोडं देतो.

आता हॅलोवीनकडे वळू. त्याची जुनी मुळं आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या साउइन नावाच्या सणात शोधली जातात. तो ऑक्टोबर संपून नोव्हेंबर लागताना येई, आणि तो गुराख्यांचा दिवस होता. उन्हाळाभर डोंगरावर चरायला सोडलेली गुरं त्या सुमारास खाली आणत, कारण पुढे थंडी. आपल्याकडे बैलाच्या कामाचा मोसम सरतो तेव्हा पोळा, त्यांच्याकडे गुरांच्या चरण्याचा मोसम सरतो तेव्हा साउइन. ऋतू असा कूस बदलत असताना या जगाची आणि पलीकडच्या जगाची शीव पातळ होते, मेलेली माणसं आणि भुतंखेतं इकडे येतात, असं ते लोक मानत. पुढे ख्रिस्ती धर्मात १ नोव्हेंबर सर्व संतांचा आणि २ नोव्हेंबर सर्व मृतांचा दिवस झाला. इंग्लंडात गरीब लोक आणि मुलं दारोदार जाऊन मृतांसाठी प्रार्थना करत आणि त्याबदल्यात ‘सोल केक’ नावाची छोटी भाकरी मिळवत. स्कॉटलंडमध्ये मुलं सोंगं घेऊन फिरत, आणि तिथे नुसतं दारात उभं राहून भागत नसे. गाणं, कवन, काहीतरी म्हणून दाखवल्यावरच खाऊ मिळे. हे वाचताना मला थेट झडत्या ऐकू येतात. त्यांच्या हातात कोरलेल्या सलगमाचे कंदील असत. स्थलांतरित लोक अमेरिकेत गेले, तिथे भोपळा मिळाला, तो मोठा आणि कोरायला सोपा.

या दोन सणांचं काही नातं आहे असं मी म्हणत नाही. त्यांची माणसं, देव, हवा, सगळं वेगळं. मला भुरळ पडते ती वेगळ्याच गोष्टीची. दोन्हीकडे त्याच तीन गोष्टी लागतात: ऋतूचा सांधा, मनातली भीती, आणि दारात आलेलं मूल. फक्त मांडणी निराळी. हॅलोवीनमध्ये भीती आणि पाहुणा एकाच मुखवट्यात असतात. मूल स्वतःच भूत होऊन येतं आणि घरातलं माणूस भुताला खाऊ देऊन खूश करतं. वर्ध्यात या दोघांची पहाटे आणि संध्याकाळी अशी वाटणी केलेली आहे. भीतीला मारबतीचं स्वतंत्र शरीर दिलं, सकाळी तिला शिवेबाहेर घालवलं. उंबरा स्वच्छ झाल्यावर संध्याकाळी मूल त्याच दारात येतं, ते आपल्या खऱ्या चेहऱ्यानं आणि सोबत बैलाला घेऊन.

म्हणून घरात तीन-चार वर्षांचं मूल असेल, भुताच्या मुखवट्याला ते घाबरत असेल, तर त्याच्यासाठी हा क्रम फार उपयोगी आहे. अंधारात वाटणाऱ्या भीतीला नाव द्यायला सांगावं, काडीचा-कागदाचा पुतळा त्याच्याकडूनच करून घ्यावा आणि सकाळी अंगणाच्या टोकाला नेऊन टाकू द्यावा. पुण्या-मुंबईच्या सदनिकेतही हे जमतं. संध्याकाळी मातीचा बैल करावा. बाजारात पोळ्याआधी मिळतोच, पण घरी केलेला, एक शिंग वाकडं झालेला, मुलाला जास्त आवडतो. शेजारच्या चार दारांना आधी सांगून ठेवावं. आणि मुलाला एखादी झडती रचू द्यावी, शाळेवर, गृहपाठावर, हवं तर आईबापांवर. लक्षात ठेवायची अडचण एकच. हॅलोवीनची तारीख पक्की आहे, पोळ्याची हलते. २०२३ मध्ये श्रावण अधिक आल्यानं पोळा १४ सप्टेंबरला होता, २०२५ मध्ये २२ ऑगस्टला.

शेतं आता ट्रॅक्टरनं नांगरली जातात आणि कित्येक गावांत तोरणाखालची बैलांची रांग आखूड होत चालली आहे. लाकडी नंदींची रांग मात्र टिकून आहे. खऱ्या बैलाला कधी हात न लावलेली पोरं त्याच्या लाकडी रूपाच्या पायावर पाणी पडताना पाहतात. याचं मला वाईटही वाटतं आणि बरंही वाटतं.

तान्ह्या पोळ्यानंतर तिसऱ्या दिवशी त्याच दारातून गणपती येतात. त्यानंतर महालक्ष्म्या येतात, ज्येष्ठा आणि कनिष्ठा, तीन दिवस माहेरपणाला, आंबील आणि सोळा भाज्या जेवायला. पौर्णिमा झाली की पितृपक्ष लागतो आणि घरची गेलेली माणसं जेवायला येतात, कावळ्याच्या रूपानं. हॅलोवीनच्या एका रात्रीत जी सगळी गर्दी असते, गुरं, पोरं, पूर्वज, ती वर्ध्याच्या घरात महिनाभर एकेक करून पंगतीला बसते, आणि त्यात देवांनाही जागा असते. त्यात बैलांच्या मागोमाग, भाद्रपदाच्या पहिल्याच दिवशी, दोरी धरून पोरं येतात.