चाल सापडेना

चैत्रात वणीच्या गडाकडे खानदेशातून चालत निघालेल्या बायका देवीची गाणी म्हणतात, तेव्हा त्यांना कुणाची परवानगी लागत नाही. यहुद्यांच्या प्रार्थनागृहात, म्हणजे सिनेगॉगमध्ये, तसे नाही. तिथे प्रार्थना गाऊन पुढे नेतो तो हज्जान, आणि बाईने गावे की नाही यावर यहुद्यांत शतकानुशतके वाद आहे. अमेरिकेत 1884 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या एका सिनेगॉगमध्ये ज्युली रोझवाल्ड हे काम करू लागल्या. हज्जान म्हणून रीतसर दीक्षा मिळालेली पहिली स्त्री मात्र थेट 1975 ची, बार्बरा ऑस्टफेल्ड.

आपल्याकडचे मराठी यहुदी म्हणजे कोकणातले शनिवार तेली, अर्थात बेने इस्रायल. त्यांचे मुंबईतले पहिले सिनेगॉग 1796 चे, सॅम्युएल इझिकिएल दिवेकरांनी बांधलेले. हज्जान पुरुषच. 1925 मध्ये डॉ. जेरुशा झिराड यांनी लंडनच्या लिली माँटेग्यूंकडून स्फूर्ती घेऊन मुंबईत उदारमतवादी ज्यूइश रिलिजस युनियन उभी केली. तरी मला अधिक खिळवून ठेवले ते बेने इस्रायलांच्या कीर्तनाने.

1880 च्या सुमारास बेंजामिन शिमशोन अष्टमकर आणि मंडळींनी हिंदू कीर्तनाचा घाट उचलून बायबलमधल्या कथा मराठीत लावल्या. साकी, दिंडी, ओवी असा सगळा ओळखीचा थाट, आणि आख्यान अब्राहामाचे! सुरुवात पुरुषांची, पण पुढे ही गाणी बायकांनी सांभाळली. वहीत उतरवली, आईकडून, सासूकडून पाठ केली, चार जणी जमून म्हटली. ही काही सिनेगॉगमधली हिब्रू उपासना नव्हे. म्हणूनच कदाचित कुणी अडवले नसावे.

अडचण आहे ती गाण्याच्या डोक्यावर लिहिलेल्या एका शब्दात: ‘चाल’. पुढे दुसऱ्याच एखाद्या पदाची, कधी नाटकातल्या पदाची, पहिली ओळ. स्वरलिपी नाही, कारण ते पद तेव्हा घरोघरी तोंडपाठ. आता नाटक विसरले गेले, पद विसरले गेले, तर वहीत शब्द शाबूत आणि गाता येत नाही. एखादीच्या गळ्यात चाल उरली असेल तेवढाच आधार. स्वातंत्र्यानंतर बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली. तिथल्या नातवंडांची भाषा हिब्रू. त्यांना आजीची वही वाचायची तर आधी देवनागरी शिकायची, मग चाल शोधायची, मग गायला सोबतिणी मिळवायच्या. इथे उरलेल्यांत वाचणाऱ्या आहेत, पण गाणाऱ्या थोड्या. ध्वनिमुद्रण करून ठेवावे हे खरे. तेही गाणारी आहे तोवरच.