‘नेटवर्क एरर’ आला, आता काय करायचं?

 

आज आम्ही बोलणार आहोत मोबाइलवर ॲप घेताना येणाऱ्या अडचणीबद्दल. गावोगावच्या बैठकांत हल्ली हीच तक्रार पहिली येते. "ताई, ॲप उतरतच नाही. नुसतं गोल गोल फिरतं आणि नेटवर्क एरर म्हणतं." मग कुणी मोबाइल जुना झाला म्हणतं, कुणी टॉवरला नावं ठेवतं, आणि कुणी म्हणतं, हे आपलं कामच नाही.

पण हे काम आता आपलंच झालं आहे. बँकेचं ॲप, पैसे पाठवायचं ॲप, गटाच्या व्यवहारांची नोंद, सगळं मोबाइलवर आलं. २०२१ च्या ऑगस्टपासून शेतातल्या पिकाची नोंदसुद्धा ई-पीक पाहणीच्या ॲपवर शेतकऱ्यानं स्वतः करायची आहे. ॲप मिळालं नाही तर नोंद राहते, आणि नोंद राहिली की पुढचं सगळं अडतं. त्यात घाईच्या वेळी कुणीतरी "ही लिंक दाबा, लगेच होईल" म्हणून सांगतं, आणि खरा धोका तिथंच असतो. त्याबद्दल शेवटी बोलूच.

आधी समजून घेऊ की हा एरर येतो कुठून. आपल्या गावच्या नळाचंच बघा. नळाला पाणी आलं नाही तर आपण लगेच नळ बदलत नाही. शेजारी विचारतो, तुमच्याकडे आलं का? शेजारी आलं असेल तर बिघाड आपल्या नळात. गल्लीत कुणाकडेच नसेल तर लाइन फुटली असेल. सगळ्या गावात नसेल तर टाकीच भरलेली नाही. मोबाइलचंही तसंच आहे. ॲप आपल्यापर्यंत येतं ते चार टप्प्यांतून: ॲप जिथं ठेवलेलं असतं तो लांबचा सर्व्हर, मग आपल्या भागातला टॉवर, मग आपलं सिम आणि रिचार्ज, आणि शेवटी आपला मोबाइल. चौघांपैकी एक जरी अडला तरी पडद्यावर बहुतेक वेळा एकसारखाच संदेश येतो. म्हणून अडलंय कुठे ते आधी शोधायचं. नाहीतर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत होते. रिचार्ज संपलेला असतो आणि आपण मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसलेल्या असतो.

शोधायचं कसं?

त्यासाठी तीन सोप्या तपासण्या आहेत.

पहिली तपासणी: मोबाइलमधलं इंटरनेट उघडा आणि आधी कधी न शोधलेलं काहीतरी शोधा. समजा, आजचा कांद्याचा भाव. व्हॉट्सॲप उघडलं म्हणजे नेट चालू आहे असं समजू नका. जुने निरोप नेट नसतानाही दिसतात, आणि छोटा निरोप कमी नेटवरही जातो. नवीन पान उघडलं तरच नेट चालू आहे म्हणायचं.

दुसरी तपासणी: पान उघडलं, पण ॲप येत नाही? मग प्ले स्टोअरमधून दुसरं एखादं लहानसं, ओळखीचं ॲप घेऊन बघा. ते आलं आणि आपल्याला हवं ते आलं नाही, तर अडचण बहुधा त्या एका ॲपची आहे. कोणतंच येत नसेल तर आपल्या मोबाइलकडे बघायचं.

तिसरी तपासणी सगळ्यात कामाची. शेजारच्या ताईचं सिम दुसऱ्या कंपनीचं असेल तर तिच्या मोबाइलचं हॉटस्पॉट चालू करा आणि आपला मोबाइल त्याला वायफायसारखा जोडा. आता ॲप उतरलं तर समजायचं की आपला मोबाइल ठीक आहे, बिघाड आपल्या सिममध्ये, रिचार्जमध्ये किंवा टॉवरमध्ये आहे. तरीही उतरलं नाही तर आपला मोबाइल किंवा तिकडचा सर्व्हर. पाच मिनिटांत चाराचे दोन होतात. काम झालं की हॉटस्पॉट बंद करायला विसरू नका. नेट शेजारणीचं खर्च होत असतं.

सिम, रिचार्ज आणि टॉवर

रिचार्ज आहे, पण आजचा डेटा संपला, असं फार वेळा होतं. पुष्कळ प्लॅनमध्ये रोजचा डेटा संपल्यावर नेट पूर्ण बंद होत नाही, वेग उतरून ६४ केबीपीएसवर येतो. एवढ्या वेगानं ५० एमबीचं ॲप उतरायला पावणेदोन तास लागतील, आणि तेवढ्यात मध्येच तुटलं की पुन्हा एरर. रोजचा डेटा मध्यरात्रीनंतर नव्यानं मिळतो. म्हणून मोठं ॲप घ्यायचं असेल तर सकाळी घ्यावं, पोरांनी व्हिडिओ बघायच्या आधी!

मोबाइलमध्ये दोन सिम असतील तर नेट कोणत्या सिमवर चालू आहे ते सेटिंगमध्ये बघा. रिचार्ज एका सिमवर मारलेला आणि नेट दुसऱ्यावर, असंही सापडतं.

आता टॉवर. वरच्या कोपऱ्यात रेंजच्या सगळ्या काड्या दिसतात, तरी नेट चालत नाही. असं का? काड्या फक्त एवढंच सांगतात की टॉवर आणि मोबाइल एकमेकांना दिसत आहेत. टॉवरवर गर्दी किती हे त्या सांगत नाहीत. संध्याकाळी सगळं गाव एकदम मोबाइल घेऊन बसलं की वेग पडतो. काड्यांशेजारी फोर जी ऐवजी इंग्रजी ‘ई’ किंवा ‘एच’ अक्षर दिसलं तर नेट जुन्या, संथ प्रकारावर गेलं आहे. तेव्हा विमानाचं चित्र असलेलं बटण, म्हणजे फ्लाइट मोड, दाबून पंधरा सेकंद थांबा आणि पुन्हा बंद करा. मोबाइल टॉवर नव्यानं शोधतो. वाडी खोलगट जागी असेल तर उंचावर जा, किंवा निदान घराच्या पत्र्याखालून अंगणात या. आणि ॲप नेहमी गावात, चांगली रेंज असेल तिथंच घ्या. बांधावर उभं राहून पहिल्यांदा ॲप घ्यायला बसलं की हमखास अडतं.

आपल्या मोबाइलमधल्या चार जागा

नेट चांगलं आहे, तरी ॲप येत नाही? मग या चार गोष्टी बघा.

एक, तारीख आणि वेळ. ही सगळ्यात न सुचणारी गोष्ट. मोबाइल सर्व्हरशी बोलण्याआधी त्याचं ओळखपत्र तपासतो, आणि त्या ओळखपत्राला मुदत असते. आपल्या मोबाइलमध्ये तारीख चुकून काही वर्षं मागची असेल तर मोबाइलला ते ओळखपत्र खोटं वाटतं आणि तो बोलणंच तोडतो. सेटिंगमध्ये तारीख आणि वेळ ‘आपोआप’ वर ठेवा.

दोन, जागा. मोबाइल भरलेला असेल तरी ॲप अर्ध्यात थांबतं. शिवाय ॲप उतरल्यावर ते उलगडून बसवायला आणखी जागा लागते. घर भरतं ते बहुधा शुभ सकाळच्या चित्रांनी आणि व्हिडिओंनी. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा. जागाही वाचते आणि डेटाही.

तीन, प्ले स्टोअरची सेटिंग. ‘पेंडिंग’ असं लिहून येत असेल तर बहुतेक वेळा आधीची दहा ॲप अपडेट होत असतात आणि आपलं रांगेत उभं असतं. बाकीची थांबवा. तसंच, ॲप ‘फक्त वायफायवर’ उतरावं अशी सेटिंग असेल तर सिमच्या नेटवर ते कधीच येणार नाही. प्ले स्टोअरमध्ये आपल्या गोल चित्रावर दाबून सेटिंग, मग नेटवर्क, असं जाऊन ‘कोणत्याही नेटवर्कवर’ निवडा.

चार, मोबाइल बंद करून पुन्हा चालू करा. साधा उपाय, पण पुष्कळदा लागू पडतो.

इतकं करून ‘हे ॲप तुमच्या मोबाइलवर चालणार नाही’ असा संदेश आला, तर तो नेटवर्कचा एररच नाही. बहुधा मोबाइलमधली अँड्रॉइडची आवृत्ती जुनी असते. आधी फोनचं अपडेट आलं आहे का बघा. नसेल तर गटातल्या दुसऱ्या मोबाइलवर काम करणं बरं.

बिघाड तिकडे असेल तर

शेवटची तारीख जवळ आली की सगळीकडून एकाच वेळी लोक ॲप उघडतात. मग ॲप उतरतं, पण उघडल्यावर ‘सर्व्हर एरर’ म्हणतं. इथं आपल्या हातात थांबणंच असतं. रात्री उशिरा किंवा पहाटे प्रयत्न करा. जात्यावर गर्दी असली की आपण दळण घेऊन नंतर जातोच ना!

पण अशा वेळी एक गोष्ट मुळीच करू नका. "ॲप काढून टाका आणि पुन्हा घ्या" हा सल्ला कुणीही सहज देतं. ज्या ॲपमध्ये तुम्ही नोंदी भरल्या आहेत आणि त्या अजून वर गेलेल्या नाहीत, त्या नोंदी तुमच्या मोबाइलमध्येच असतात. ॲप काढलं तर त्याही जाऊ शकतात. सेटिंगमध्ये दोन बटणं शेजारी शेजारी असतात. ‘कॅशे साफ करा’ म्हणजे ओट्यावरचा केर काढणं. त्यानं नोंदी जात नाहीत. ‘डेटा साफ करा’ म्हणजे डबेच रिकामे करणं. महिन्याभराच्या बचतीच्या नोंदी एका बोटानं पुसल्या जातील. म्हणून आधी नोंदी अपलोड झाल्याची खात्री करा. आणि कागदाची वही अजून सोडू नका.

लिंकच्या वाटेनं जाऊ नका

आता सुरुवातीला म्हटलेला धोका. ॲप उतरत नाही म्हटलं की कुणीतरी व्हॉट्सॲपवर एक फाइल पाठवतं. तिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असतं. ती दाबली की मोबाइल विचारतो, अज्ञात ठिकाणाहून ॲप घेऊ देऊ का? आपण घाईत ‘हो’ म्हणतो. अशा फाइलीतलं बनावट ॲप आपले एसएमएस वाचण्याची परवानगी मागतं, आणि बँकेचा ओटीपी एसएमएसवरच येतो. पुढचं सांगायला नको. लग्नपत्रिका, वाहनाचं चलन, पीएम किसान अशा नावांनी या बनावट फाइली फिरल्या आहेत.

म्हणून गटानं नियम करावा: ॲप प्ले स्टोअरमधूनच घ्यायचं. तिथंही नावाखाली ते कुणी बनवलं आहे ते वाचायचं, कारण सारख्या नावाची ॲप असतात. एखाद्या कार्यालयाचं ॲप स्टोअरवर नसेल आणि फाइलनंच घ्या असं सांगितलं, तर निरोपावर विसंबू नका. आपल्या ओळखीच्या अधिकाऱ्याला किंवा सीआरपी ताईला स्वतः फोन करून विचारा. ॲप घ्यायला ओटीपी सांगावा लागत नाही आणि यूपीआयचा पिन तर कधीच नाही. "मी तुमचा मोबाइल इथून दुरुस्त करतो, फक्त हे ॲप घ्या" म्हणणाऱ्याला आपला पडदा दाखवू नका.

तरीही कुणाकडून अशी फाइल दाबली गेली, तर तिला बोल लावू नका. लाजेपोटी बाई गप्प बसते आणि तेवढ्यात पैसे जातात. लगेच नेट बंद करा. दुसऱ्या मोबाइलवरून बँकेला फोन करून खातं थांबवायला सांगा. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनला त्याच घटकेला कळवा. जितकं लवकर कळवाल तितकी ते पैसे वाटेत अडवण्याची शक्यता जास्त.

पुढच्या बैठकीत एवढं करा

गटाच्या वहीचं शेवटचं पान यासाठी ठेवा. एरर आला की संदेशात काय लिहिलं होतं, वेळ काय, जागा कोणती, सिम कोणतं, हे लिहा. पॉवरचं आणि आवाज कमी करायचं बटण एकदम दाबलं की बहुतेक मोबाइलवर पडद्याचा फोटो निघतो, तो ठेवा. फक्त त्यात खातेक्रमांक दिसत नाही ना, ते बघा. नुसतं "चालत नाही" म्हटलं तर समोरच्याला काही कळत नाही. संदेश दाखवला तर उत्तर मिळतं. महिन्याभरानं ते पान वाचलं की तुमचं तुम्हालाच दिसेल, आपल्या गावात नेट कधी आणि कुठे चालतं ते. आणि शेवटच्या तारखेची वाट न बघता आठवडाभर आधीच ॲप घेऊन ठेवा.

मैत्रिणींनो, गटाचा हिशेब आपण बोटं मोजत शिकलो. बँकेची स्लिप भरायलाही आपण एकमेकींनाच विचारून शिकलो. हेही तसंच येईल. हे सगळं समजलेली एकजण गटात तयार झाली की तिनं पुढच्या दोघींना शिकवावं.

आजच्यापुरतं इथंच थांबतो. तुमच्या वहीच्या त्या पानावर काय काय जमा झालं ते आम्हाला नक्की कळवा. नमस्कार!